ज्वालामुखीबाबत खुलासा

ताईने डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलं आणि कारण दिलं ज्वालामुखीचं. साधासुधा नव्हे, महाज्वालामुखी. नेत्र रुग्णालयात तारखा देणाऱ्या बाईंनी फोनवर दोनदा विचारलं, की कारण काय लिहू, आणि ताईने दोन्ही वेळा तो शब्द सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितला. मग बाईंनी रकान्यात 'घरगुती अडचण' असं लिहून घेतलं. वर हेही सांगितलं, की गुरुवार सकाळची जागा मी बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुसऱ्या कोणाला देत नाही. तोवर अडचण मिटली तर कळवा, नाहीतर पुढची तारीख पाच महिन्यांनी.

हे सगळं खुलासेकरांना सोमवारी ऑफिसातून घरी आल्यावर कळलं, तेव्हा त्यांचा एक पाय बुटात होता आणि एक बाहेर. त्याच अवस्थेत ते लंगडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने वह्या तपासता तपासता, मान वर न करता सांगितलं, की मी दुपारपासून समजावतेय, आता तुमची पाळी.

खुलासेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पण खरं आडनाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर आणि लाइटच्या बिलावर उरलं होतं. पाणीपुरवठा कार्यालयात जनसंपर्काच्या टेबलावर ते सव्वीस वर्षं बसत होते. नळाला गढूळ पाणी आलं, किंवा आलंच नाही, किंवा भर रस्त्यात पाइप फुटून कारंजं उडालं, की पेपरात बातमी यायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच पेपरात खुलासेकरांनी लिहिलेला खुलासा यायचा. त्या खुलाशात गढूळ पाणी हे गढूळ नसून किंचित मातकट छटेचं असायचं, आणि कारंजं हे देखभालीच्या कामाचा भाग असायचं. खुलासेकर हे काम मनापासून करत. लोकांची भीती घालवणं हा आपला धर्म आहे अशी त्यांची समजूत होती आणि सव्वीस वर्षांत ती समजूत काढायला कोणी आलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरात, त्याच्याच सख्ख्या बहिणीने, फोनवरच्या एका घोगऱ्या आवाजाच्या इसमावर विश्वास ठेवावा, हे त्यांना चांगलंच झोंबलं. ताईला आता वाचता येत नसे, म्हणून ती फोनवर ऐकायची. हा इसम रोज दुपारी जगाचा अंत सांगायचा. आवाज असा, की त्याने नुसती तारीख सांगितली तरी ऐकणाऱ्याने खिडक्या लावून घ्याव्यात. त्याचं म्हणणं, समुद्रापलीकडे एका मोठ्या अभयारण्याखाली महाज्वालामुखी झोपलेला आहे, त्याची वेळ भरून वर चाळीस हजार वर्षं उलटली आहेत आणि तो कोणत्याही क्षणी फुटणार आहे. फुटला की राख आभाळभर पसरणार आणि कित्येक वर्षं सूर्य दिसणार नाही.

"मग मला सांग बाळ्या," ताई म्हणाली, "सगळीकडे अंधारच होणार असेल तर मी डोळे कशाला नवे करून घेऊ?"

खुलासेकरांना चोपन्नावं चालू होतं, पण ताईपुढे ते बाळ्याच होते. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि ताई वीस वर्षांची. तिने शिवणाचा वर्ग काढला, आणि त्या वर्गाच्या जोरावर याला शाळेत घातलं, मारलं, लाडावलं, नोकरीला लावलं आणि त्याचं लग्न करून दिलं. तिचा स्वतःचा संसार व्हायचा राहून गेला, आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. त्यामुळे तिला 'काहीतरीच काय' असं म्हणण्याची घरात कोणाची टाप नव्हती. शिवाय तिचं बोलणं तर्काला धरून होतं. अंधारात डोळ्यांचा उपयोग नसतो, हे कोण नाकारणार?

पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की मोतीबिंदू पिकून कडक होत चाललाय, आणखी पाच-सहा महिने गेले तर ऑपरेशन अवघड होईल. परिस्थिती खरोखरच हाताबाहेर गेली होती. आदल्या आठवड्यात ताई खुंटीवरच्या रेनकोटाशी पाच मिनिटं बोलत होती. उत्तर आलं नाही याचं तिला काही वाटलं नाही, कारण खुलासेकरही घरात फारसं उत्तर देत नसत.

रात्री जेवणं झाल्यावर खुलासेकर अभ्यासाला बसले. बायकोने वह्या बाजूला सारून मदत केली. खरी माहिती काय ती एका कागदावर उतरवायची आणि ताईला वाचून दाखवायची, एवढाच बेत होता. माहिती चांगली निघाली. महाज्वालामुखी हा मुळात वर्तमानपत्रवाल्यांना आवडलेला शब्द आहे, शास्त्रज्ञ तो जरा नाक मुरडूनच वापरतात असं समजलं. त्या अभयारण्याखालचा वितळलेल्या खडकाचा रस बहुतांशी घट्ट आहे, पातळ भाग थोडा. तो महाकाय प्रकार पुन्हा घडण्याची शक्यता एका वर्षात सुमारे सात लाखांत एक. आणि घडायचाच झाला तर त्याआधी बराच काळ जमीन फुगेल, हादरे बसतील, तिथली यंत्रं बोंब ठोकतील. 'वेळ उलटून गेली' ही तर निव्वळ थापेबाजी होती. मोठे स्फोट झाले तीन. तीन स्फोटांत अंतरं दोन. दोन अंतरांची सरासरी काढून पुढच्या स्फोटाची वेळ सांगणं, म्हणजे तीन बस आल्या त्यावरून स्टॉपवर वेळापत्रक लावण्यासारखं आहे, असं बायको म्हणाली. खुलासेकरांनी ते वाक्य उतरवून घेतलं आणि ते स्वतःचं आहे असं समजून ताईला वाचून दाखवलं.

ताईने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, की तोंडी काय, कोणीही सांगेल. तुझ्याच ऑफिसात तोंडी गोष्टीला किंमत नसते असं तूच म्हणतोस. सहीशिक्क्याचं काही असलं तर आण.

मंगळवारी खुलासेकरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते भूशास्त्र कार्यालयात गेले. सरकारी माणसाने दुसऱ्या सरकारी कार्यालयात नागरिक म्हणून जाणं यासारखी नामुष्की नाही. खिडकीवरच्या कारकुनाकडे विहिरीसाठी अर्ज होता, दरड कोसळण्यासाठी होता, ज्वालामुखीसाठी नव्हता. शेवटी 'इतर' नावाचा एक पिवळा कागद मिळाला. त्यात भूखंड क्रमांक हवा होता आणि चतुःसीमा हव्या होत्या. खुलासेकरांनी सांगितलं, की ज्वालामुखी परदेशी आहे. कारकून म्हणाला, हरकत नाही, पण मग अर्जदाराचा त्या ज्वालामुखीशी संबंध काय ते लिहा. खुलासेकरांनी बराच विचार केला आणि त्या ओळीत 'बहीण' असं लिहिलं. अर्ज लगेच पुढे गेला. नात्याचा उल्लेख असलेला अर्ज अडवायचा नाही असा काहीतरी नियम असावा.

आतल्या खोलीत ज्या भूशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांच्या टेबलावर प्रत्येक कागदावर एकेक दगड ठेवलेला होता. एकोणीस वर्षं त्यांना लोक फक्त बोअरला पाणी कुठे लागेल एवढंच विचारत आले होते. ज्वालामुखीबद्दल विचारायला कोणी आलंय हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दार लावून घेतलं, चहा मागवला आणि दीड तास बोलल्या. पृथ्वीचा उभा छेद काढून दाखवला. एक दगड खुलासेकरांच्या हातात दिला आणि हा राखेचाच आहे, किती हलका बघा, म्हणाल्या. खुलासेकरांना हे सगळं इतकं आवडलं, की आपण कशासाठी आलो होतो ते क्षणभर ते विसरले.

मग पत्राची वेळ आली. बाईंनी स्वतःच्या हाताने टाइप केलं: 'नजीकच्या काळात महाउद्रेक होण्याची शक्यता अत्यंत नगण्य आहे, तथापि ती शून्य आहे असे म्हणता येणार नाही.'

खुलासेकरांनी विचारलं, की 'तथापि'पासून पुढचं काढता येईल का. आमच्याकडे आम्ही नेहमी काढतो.

"ते काढलं तर ते विज्ञान राहणार नाही," बाई हसत म्हणाल्या, "तुमच्या खात्याचं पत्रक होईल."

हे त्यांनी इतक्या गोड आवाजात म्हटलं, की आपला अपमान झाला आहे हे खुलासेकरांना जिना उतरून खाली आल्यावर कळलं. तोवर परत जाऊन उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

घरी पत्र वाचून झाल्यावर ताईने दोनच प्रश्न विचारले. नगण्य म्हणजे आहे ना? आणि तथापि कशाला? चाळीस वर्षं तिने गिऱ्हाइकांना 'कापड पुरेल, पण' असं सांगितलं होतं आणि त्या 'पण'नंतर नेहमी एक बाही कमी पडली होती. तथापि हा त्याच 'पण'चा कोट घातलेला भाऊ आहे, असं ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

खुलासेकर हात टेकणारे नव्हते. त्यांच्या मनात आलं, ताईच्या डोक्यात हे भरवलं कोणी? एकटा तो घोगरा इसम एवढं करू शकणार नाही. इमारतीत कुजबुज असली पाहिजे. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांचीच भीती एकदम घालवली, की ताईची आपोआप जाईल. हा विचार मुळातच चुकीचा होता, कारण इमारतीतल्या बाकी पंधरा बिऱ्हाडांनी महाज्वालामुखी हा शब्दही ऐकलेला नव्हता. पण भीती घालवण्याच्या धंद्यातल्या माणसाला समोर भीती नाही हे पटत नाही.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी एका कोऱ्या कागदावर, सव्वीस वर्षांच्या सवयीने, एका दमात लिहिलं: 'खुलासा. महाज्वालामुखीच्या उद्रेकासंदर्भात काही माध्यमांतून प्रसृत होणाऱ्या बातम्या निराधार आहेत. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे. नागरिकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.' खाली सही केली. सहीखाली, हात थांबला नाही म्हणून, 'जनसंपर्क, पाणीपुरवठा' हेही लिहून टाकलं. आणि तो कागद जिन्याजवळच्या फलकावर चार टाचण्यांनी लावला.

आता, खुलासेकरांना सोडून शहरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत होती. पाणीपुरवठा खात्याने 'घाबरून जाण्याचे कारण नाही' असं म्हटलं, की लगेच पिंपं भरून घ्यायची. 'परिस्थिती नियंत्रणात' म्हटलं की तीन दिवस पाणी नाही. दोन्ही एकाच पत्रकात आली की आठवडा. 'अफवांवर विश्वास ठेवू नये' हे वाक्य यापूर्वी एकदाच वापरलं गेलं होतं, आणि त्या वेळी लोकांनी बाटलीबंद पाण्याने दाढ्या केल्या होत्या. तिन्ही वाक्यं एकाच कागदावर कोणी पाहिली नव्हती.

बुधवारी सकाळी खुलासेकरांना जाग आली ती बादल्यांच्या आवाजाने. सोळापैकी पंधरा घरांत सगळे नळ एकाच वेळी सोडलेले होते. पिंपं झाली, बादल्या झाल्या, पातेली, थर्मास, एका घरी फुलदाण्याही भरल्या. साडेसातला गच्चीवरची टाकी कोरडी पडली, नळांनी शेवटची फुर्र केली, आणि इमारतीची खात्री पटली की सुरुवात झाली. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त कवायत शिक्षक राहत. त्यांना सगळे ड्रिलमास्तर म्हणत. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ते एका संकटाची वाट पाहत होते. त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये जमवलं, उंचीप्रमाणे उभं केलं आणि हजेरी घेतली. सोसायटीचे सेक्रेटरी विमा एजंट होते. त्यांनी रांगेत फिरून प्रत्येकाला हळू आवाजात सांगितलं, की तुमच्या पॉलिसीत ज्वालामुखी बसत नाही, पण बसवता येईल.

खुलासेकर पायजम्यातच खाली धावले आणि ओरडून सांगू लागले, की काहीही झालेलं नाही, घाबरू नका. हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या दोन बायका रडायलाच लागल्या.

तोवर कोणीतरी फलकाचा फोटो काढून धाडला होता. शेजारच्या इमारतीने तो वाचून पाणी भरलं, मग समोरचीने, मग अख्ख्या रस्त्याने. खुलासेकर ऑफिसात पोचले तेव्हा चार वॉर्डांत दाब पडला होता आणि पाणी आलं नाही म्हणून फोन खणखणत होते. साहेबांच्या टेबलावर त्या फोटोची मोठी प्रत काढून ठेवलेली होती. साहेब पेशाने इंजिनियर होते आणि मनाने भले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, की आपल्या खात्याच्या अखत्यारीत ज्वालामुखी कधीपासून आला. खुलासेकरांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं, बहिणीसकट. साहेबांनी ऐकून घेतलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, की या खुलाशाचा आता खुलासा करा.

आणि आयुष्यात पहिल्यांदा खुलासेकरांचं पेन अडलं. काय लिहिणार? घाबरू नका असं लिहिलं तर उरलेले वॉर्डही भरायला लागतील. काही झालेलं नाही असं लिहिलं तर काय झालंय म्हणून लोक गच्चीवर चढतील. आपण सव्वीस वर्षं लोकांना धीर देत होतो, आणि लोक आपला धीर वाचून पिंपाकडे धावत होते, हे त्यांना त्या कोऱ्या कागदाकडे बघता बघता उमगलं. तासभर बसून शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं: 'चूक माझी आहे. टाक्या रिकाम्या झाल्यात, दुपारपर्यंत टँकर येतील.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि आपल्या खात्याकडून इतकं लहान पत्रक पूर्वी गेलं नसल्याचं सांगितलं. तरी त्यांनी ते पाठवलं. टँकर आले आणि लोकांनी नळ बंद केले.

खुलासेकर घरी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. जिन्यात ड्रिलमास्तरांनी त्यांना अडवून हजेरीचा कागद दाखवला. सोळापैकी पंधरा घरं पूर्ण हजर. फक्त तुमच्या ताई खाली उतरल्या नाहीत, तीन वेळा शिट्टी मारूनही, हे बरोबर नाही. खुलासेकरांनी माफी मागितली आणि ते वर आले. बायको शाळेतून नुकतीच आली होती. ताई न्हाऊन, केस मोकळे सोडून, खिडकीशी बसली होती. केस अजून ओले होते. स्वयंपाकघरात कालच्या दोनच बादल्या होत्या आणि त्या दोन्ही रिकाम्या होत्या.

ते दारातच थांबले. सकाळपासून सगळं शहर पाणी भरत होतं. ज्या बाईने ज्वालामुखीपायी ऑपरेशन रद्द केलं, तिने घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी केसांवर ओतलं होतं.

"ताई, तू पाणी नाही भरलंस?"

"कशाला भरू?"

"ज्वालामुखी ना?"

ताई उठली, चाचपडत पलंगापाशी गेली आणि गादीखालून चार पानी कागद काढला. रुग्णालयाचं संमतीपत्र होतं ते. घडीवर घडी घालून मऊ पडलेलं. भिंग लावून मागच्याच आठवड्यात दोन दिवस खपून तिने ते अक्षर अक्षर करून वाचलं होतं आणि तिसऱ्या पानावर एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. रेघ ओळीच्या बरीच खाली गेली होती. क्वचित प्रसंगी, साधारण हजारात एखाद्या रुग्णाच्या बाबतीत, दृष्टी कायमची जाऊ शकते, असं तिथे छापलेलं होतं.

"तुझा ज्वालामुखी कितीत एक म्हणालास?"

"वर्षाला सात लाखांत एक."

"आणि हा हजारात एक. मग दोन्हींतल्या कोणत्याला घाबरायचं ते तूच सांग मला. तूच तर सगळ्यांना सांगतोस."

दारात उभ्या असलेल्या बायकोने हलकेच विचारलं, की ताई, मग हेच आधी का नाही सांगितलंत. आम्ही काय परके होतो?

"ज्वालामुखीला घाबरलं की लोक हसतात," ताई म्हणाली. "ऑपरेशनला घाबरलं की समजूत घालतात. मला कोणी समजूत घालायला नको होतं. आता आहे ते धूसर तरी दिसतं ग. खिडकी कुठे आहे ते कळतं. हा दारात आला की कळतं. तेवढंही गेलं तर?"

खुलासेकरांच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. सव्वीस वर्षं रोज वापरलेलं, हात-पाय फुटून आपण होऊन बाहेर पडणारं. ते त्यांनी गिळलं. ते पलंगावर ताईच्या शेजारी बसले.

"मलाही भीती वाटते, ताई," ते म्हणाले. "ऑपरेशन ठरलं तेव्हापासून, चार महिने झाले. तुला आत घेऊन दार लावतील, आणि मी बाहेर बसून काय करू, हेच मला कळत नाही. मी तुला सांगितलं नाही. मी ज्वालामुखीचं वाचत बसलो."

ताईने त्यांच्याकडे, म्हणजे साधारण त्यांच्या दिशेने, तोंड वळवलं. त्यांचा हात शोधून काढला. तो घामाने ओला झाला होता. तिने आपल्या पदराने तो पुसला, सहा वर्षांच्या मुलाचा पुसावा तसा, आणि तिचा आवाज एकदम नेहमीचा झाला, शिवणवर्गातल्या मुलींना धाक घालणारा.

"आधी बोलायला काय झालं होतं? किती वाजले?"

पाचला बारा मिनिटं कमी होती. बायकोने फोन लावला. लागेना. रुग्णालयाचा फोन दिवसभर टँकरसाठी अडकलेला होता आणि त्याला कारण कोण होतं हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही. पाचला तीन कमी असताना एकदाची घंटा वाजली. तारखा देणाऱ्या बाईंना ताईने स्वतः सांगितलं, की उद्याची माझी जागा ठेवा, मी येतेय, अडचण आमच्या धाकट्याला होती, ती मिटली.

गुरुवारी आठ वाजता तिघं रुग्णालयात पोचले. ताई व्यवस्थित चालत आत गेली. खुलासेकरांनी संमतीपत्रावर नातेवाइकाची सही केली, तिची अक्षरं एकमेकांवर चढली. त्यांचा चेहरा पाहून एका नर्सने त्यांनाच खुर्चीत बसवून मान मागे करायला लावली आणि डोळ्यात थेंब घालायला बाटली उघडली. त्यांनी निमूटपणे मान मागे केलीही. बायको वेळेवर मध्ये पडली म्हणून वाचले. मग दार लागलं. पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत त्यांनी कोणालाही काही समजावून सांगितलं नाही. बायकोचा हात धरून ते बाकावर बसून राहिले आणि त्यांना भीती वाटत राहिली.

शुक्रवारी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, ताईने ती मोजली. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तिने वरून पाचव्या ओळीपर्यंत वाचली आणि सहावीतलं एक अक्षर वाकडं छापलंय असंही सांगितलं. बायकोने डोळे पुसले. ताईने तिच्याकडे पाहिलं, बरं दिसतेस म्हणाली. मग ती खुलासेकरांकडे वळली आणि बघतच राहिली. चेहऱ्याकडे नव्हे, सदऱ्याकडे. पुढे वाकून तिने त्यांचं छातीवरचं बटण दोन बोटांत धरलं.

"हे बटण कोणी लावलं?"

"तू."

"पांढऱ्या सदऱ्याला? हिरव्या दोऱ्याने?"

ताईने खालचं बटण पाहिलं. ते लाल दोऱ्याने लावलेलं होतं. त्याखालचं जांभळ्या. बाह्यांची दोन्ही बटणं काळ्या दोऱ्याने, आणि त्यातलं एक उलटं.

"असलं घालून तू ऑफिसात जात होतास?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

ताईने बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"सगळे सदरे असेच आहेत?"

"सगळे," खुलासेकर म्हणाले.

ताईने बटण सोडलं नाही. खूप वेळ ती तो हिरवा दोरा अंगठ्याने चाचपत राहिली, आणि डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून वर छताकडे बघत राहिली.